टंकलेलं पुस्तक आणि त्याचं मूळ पान: गाठ कशी घालायची?

हरिपूर_रोड | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

सांगलीत आम्ही काही हौशी लोक हक्कमुक्त झालेली जुनी मराठी पुस्तकं युनिकोडमध्ये टंकतोय. सुरुवात गोविंद बल्लाळ देवलांपासून केली. ते हरिपूरचे, म्हणजे घरचेच. ‘शारदा’ झालं, ‘मृच्छकटिक’ झालं, ‘झुंजारराव’ अर्धं झालंय. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ही थोडा हातात घेतलाय. सगळं एका साध्या संकेतस्थळावर आहे. मोबाइलवर नीट दिसतं, शब्द शोधता येतो, पैसे लागत नाहीत.

परवा एका संशोधक ताईंचा मेल आला. त्यांना ‘शारदा’तला एक संवाद प्रबंधात उद्धृत करायचाय. विचारतात, आवृत्ती कुठली आणि पान कितवं? आमच्या संकेतस्थळावर यातलं काहीच नाही. टंकताना वापरलेली प्रत कधीच परत गेली.

आमच्याकडे काही पुस्तकांचे स्कॅन आहेत. काही इंटरनेट अर्काइव्ह या फुकट डिजिटल ग्रंथालयावरून उतरवलेले, काही मोबाइलने काढलेले. मजकूर एकीकडे आणि स्कॅन दुसरीकडे असं चाललंय. दोन्ही कसे जोडावेत? पुस्तकाच्या सुरुवातीला पीडीएफची एक लिंक दिली की भागेल, की पानापानाला द्यावी लागेल? आणि आधीच टंकून झालेल्या मजकुराचं काय करायचं?

कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

--

लिंबाचं_झाड | रविवार, रात्री १०:०५

एक लिंक वर टाका आणि मोकळे व्हा. वाचणारा नाटक वाचायला येतो, पान मोजायला नाही. ज्याला प्रबंध लिहायचाय तो पीडीएफ उघडून शोधेल की.

--

घाटाखालचा | रविवार, रात्री १०:३१

लिंबाचं_झाड, तीनशे पानांच्या पीडीएफमध्ये एक संवाद शोधून बघा. बहुतेक जुन्या मराठी स्कॅनला मजकुराचा थरच नसतो, म्हणजे चित्रामागे शोधता येणारी अक्षरं नसतात, असला तरी त्यात कचरा असतो. शोधखिडकीत शब्द टाकला तर काही सापडत नाही. शेवटी बोटाने एकेक पान सरकवायचं. वर दिलेली एक लिंक म्हणजे गाव सांगितलं, घर नंबर सांगितलाच नाही.

मी मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडातल्या मुक्त ग्रंथालयावर, थोडंफार मुद्रितशोधन करतो, म्हणून तिथली पद्धत सांगतो. स्कॅनची फाइल, म्हणजे पीडीएफ किंवा डेजाव्हू, विकिमीडिया कॉमन्सवर चढवायची. विकिस्रोतावर तिच्या नावाचं एक अनुक्रमणिका-पान तयार होतं आणि स्कॅनमधल्या प्रत्येक पानासाठी वेगळं ‘पान’ मिळतं. ते उघडलं की एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला स्कॅनचं चित्र. डोळा इकडून तिकडे फिरवत दुरुस्त करायचं. प्रत्येक पानाला रंग असतो. लाल म्हणजे अजून तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकाने तपासलं, हिरवं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासलं. ज्याने पिवळं केलं त्यालाच ते हिरवं करता येत नाही, हा नियम मला फार आवडतो.

वाचकाला मात्र ही वेगवेगळी पानं दिसत नाहीत. एका अंकाची किंवा प्रकरणाची सगळी पानं एकत्र ओढून सलग मजकूर तयार होतो आणि समासात छापील पानाचे आकडे येतात. आकड्यावर टिचकी मारली की थेट त्या पानाचा स्कॅन. म्हणजे वाचणाऱ्याला त्रास नाही आणि तपासणाऱ्याला आडकाठी नाही.

--

सांगलीचा_भडंग | रविवार, रात्री १०:५२

लई भारी माहिती. पर आमच्यासारख्यानं काय करायचं सांगा की. मी नुसता टंकतोय. आता पान पान करत बसलो तर ‘झुंजारराव’ कधी संपायचं?

--

वारणेकाठची | रविवार, रात्री ११:२०

भडंगभाऊ, पान पान करत टंकलं तर उलट लवकर संपतं. कुठे थांबलो, कुणी कुठलं पान घेतलंय, हे विचारायलाच लागत नाही. परदेशात गुटेनबर्ग प्रकल्पासाठी, म्हणजे फुकट ई-पुस्तकांच्या प्रकल्पासाठी, काम करणारे मुद्रितशोधक २००० सालापासून हेच करतायत. एका माणसाने एका वेळी एकच पान घ्यायचं, समोर स्कॅन. गुटेनबर्ग खुद्द १९७१ पासूनचा. त्यांच्या सुरुवातीच्या कित्येक पुस्तकांत कुठल्या आवृत्तीवरून घेतलं याचा पत्ता नाही. तीच वाट आपण पन्नास वर्षांनी पुन्हा कशाला चालायची?

लिंबाचं_झाड यांनी पान मोजण्याबद्दल लिहिलंय, त्यावर. प्रश्न हवाल्याचा आहेच, पण त्याहून जास्त विश्वासाचा आहे. देवलांच्या काळची छपाई अनुच्चारित अनुस्वारांनी भरलेली असते. केलें, त्यानें, नांव, कीं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेले. टंकणारा आजचा असतो, त्याच्या बोटांना ते टिंब सवयीचं नाही. नकळत गळतं. कधी कधी कुणीतरी मुद्दाम ‘सुधारतं’. नुसतं जुनं वळण गेलं असतं तर मी गप्प बसले असते. पण जुन्या छपाईत ‘तें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. टिंब गेलं की कोण आलं तेच कळेनासं होतं. नाटकात तर एकेक संवाद यावर फिरतो. स्कॅन शेजारी नसेल तर टिंब छापलंच नव्हतं, ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) खाल्लं, की टंकणाऱ्याने उडवलं, हे जगात कुणीच सांगू शकत नाही.

ओसीआर आणखी वेगळे उद्योग करतं. ‘ख’चे ‘रव’ करतं, घ-ध आणि भ-म उलटसुलट. आणि पुसट छपाईतले १ आणि ९! नाटकात खपून जाईल. खऱ्यांच्या लेखसंग्रहात तारखा आहेत हो.

--

ब्राह्मणपुरी | सोमवार, सकाळी ७:४८

शेवटच्या वाक्याला दंडवत. आमच्या मिरजेच्या माणसाचा विषय निघाला म्हणून थोडं सविस्तर.

खरेशास्त्री मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे आणि पटवर्धन सरदारांच्या दप्तराचे मोडी कागद वाचून ते छापायचे. लेखसंग्रह १८९७ पासून निघू लागला, ते १९२४ मध्ये वारले. इतिहासवाले या ग्रंथाचा हवाला पानाने देत नाहीत, लेखांकाने, म्हणजे पत्राच्या क्रमांकाने, देतात. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चंही तसंच, खंड आणि लेखांक. तेव्हा धागाकर्त्यांनी अशा ग्रंथांत दुहेरी खूण ठेवावी. पान बदललं की पानाची खूण, पत्र सुरू झालं की लेखांकाची. कुणी जुन्या प्रबंधातून ‘खरे, लेखांक अमुक’ एवढंच घेऊन आला तरी तो थेट पत्रावर पोचला पाहिजे, आणि तिथून स्कॅनवर.

आता एक खडा टाकतो. खऱ्यांच्या बाबतीत ‘मूळ पान’ म्हणजे नक्की कुठलं? तुमचा मजकूर छापील बाळबोधीवरून. छापील बाळबोधी मोडी कागदावरून. तारीख चुकीची वाटली तर चूक टंकणाऱ्याची, जुळाऱ्याची (छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची), शास्त्रीबुवांच्या वाचनाची, की पत्र लिहिणाऱ्या कारकुनाची? छापील पानाचा स्कॅन जोडलात तर चारांपैकी पहिली शंका मिटते. बाकीच्या तीन मिटत नाहीत, पण निदान कुठे बघायचं ते कळतं. मोडी कागदाचं चित्र उद्या कुठे मिळालं तर त्यासाठीही जागा राखून ठेवा.

--

लिंबाचं_झाड | सोमवार, सकाळी ८:१५

बरं बाबांनो, माघार. पण सगळं विकिस्रोतावरच न्यायला हवं का? यांचं स्वतःचं संकेतस्थळ आहे ना?

--

पाहुणा_पुण्याचा | सोमवार, सकाळी ९:३०

नाही न्यायचं तरी चालेल. मूळचा विट्याचा, सध्या पुण्यात, पोटासाठी असंच काम करतो.

स्वतःच्या संकेतस्थळावर करायचं तर मजकुरात जिथे छापील पान बदलतं तिथे एक खूण घाला. त्या खुणेत दोन गोष्टी: छापील पानाचा आकडा आणि त्या पानाच्या चित्राचा पत्ता. जगभरचे ग्रंथसंपादक टीईआय नावाची खुणांची पद्धत वापरतात, तिच्यातही पानबदलाची खूण अशीच असते. चित्रं पुरवण्यासाठी ट्रिपल आय एफ नावाचं मानक आहे. त्यामुळे एका संस्थेच्या सर्व्हरवरचं पान दुसऱ्याच्या संकेतस्थळावर हवं तेवढं मोठं करून दाखवता येतं. इंटरनेट अर्काइव्हवरच्या पुस्तकांना ही सोय आहे. म्हणजे तिथे असलेले स्कॅन तुम्ही परत साठवले नाहीत तरी दिसतील. तरीही माझा आग्रह असा की एक प्रत स्वतःकडे ठेवाच. सरकारी पाठबळावर उभी राहिलेली डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया आठवत असेल. लाखो पुस्तकं होती, मग संकेतस्थळ बंद पडलं आणि त्याकडे जाणाऱ्या सगळ्या लिंका मेल्या. त्यातली बरीच पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर कुणीतरी आधीच नेऊन ठेवली होती म्हणून वाचली.

आता सगळे जिथे ठेच खातात ते. पीडीएफचं ७१ वं पान म्हणजे पुस्तकाचं ७१ वं पान नव्हे. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावनेचे वेगळे आकडे, मध्येच बिनआकड्याचं चित्र. छापील ५७ हे पीडीएफमध्ये ७१ असू शकतं, आणि पुढे एक फोटो आला की फरक १४ चा १५ होतो. त्यामुळे ‘आकड्यात १४ मिळवा’ असलं गणित करू नका. प्रत्येक पुस्तकाचा तक्ता करा: चित्र क्रमांक, छापील क्रमांक, शेरा. विकिस्रोताच्या अनुक्रमणिका-पानावर हीच यादी भरायची असते. स्वतःचं संकेतस्थळ असेल तर साधी एक्सेलची शीट पुरते.

आणि हा तक्ता पक्का होईपर्यंत लिंका देऊ नका. नंतर कळलं की दोन पानं स्कॅनच झालेली नाहीत, ती मध्ये घुसवली, की तिथून पुढची प्रत्येक लिंक दोन घरं चुकते. आधी स्कॅन पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजून घ्या.

ओळ न् ओळ, शब्द न् शब्द चित्राशी जोडता येतो का असं कुणी विचारायच्या आधी सांगतो: येतो. ओसीआर प्रत्येक शब्दाचा चौकोन कुठे आहे ते नोंदवतं. पण हाताने दुरुस्ती सुरू झाली की ते चौकोन सांभाळत बसणं हौशी मंडळींच्या आवाक्याबाहेरचं आहे. पानापर्यंत पोचा, पुरे.

--

सांगलीचा_भडंग | सोमवार, दुपारी १:०२

एक शंका. पानाच्या शेवटी शब्द तुटला तर? ‘संश’ या पानावर आणि ‘यकल्लोळ’ पुढच्या. परवाच असं आलं.

--

घाटाखालचा | सोमवार, दुपारी १:४०

चांगला प्रश्न. विकिस्रोतावर पानं जोडताना मध्ये एक जागा सुटते. पानाच्या शेवटी तुटक रेघ असेल तर ती रेघ काढून शब्द आपोआप जुळतो. जुन्या मराठी छपाईत कधी कधी ती रेघच नसते, मग सलग मजकुरात ‘संश यकल्लोळ’ असं दिसतं आणि शोधात शब्द सापडत नाही. अशा वेळी तुटलेल्या शब्दासाठीचा साचा, म्हणजे विकिस्रोताची तयार खूण, वापरायचा. पानावर तुकडा दिसतो, सलग मजकुरात अख्खा शब्द. दोन पानांवर पसरलेल्या तळटीपेलाही तशीच सोय आहे. अंक पानाच्या मध्यावर सुरू होत असेल तर पानाचे विभाग पाडता येतात.

‘संशयकल्लोळ’ काढलंतच म्हणून: ते आधी ‘फाल्गुनराव’ नावाचं गद्य नाटक होतं, १९१६ मध्ये संगीत झालं. दोन्हींचे स्कॅन मिळाले तर एकाचा मजकूर दुसऱ्याला जोडू नका. हसू नका, असं जोडलेलं पाहिलंय.

--

वारणेकाठची | सोमवार, दुपारी ३:१५

माझ्या मते धाग्यातला खरा प्रश्न तोच आहे, आणि हरिपूर_रोड यांनी तो शेवटी एका ओळीत उरकलाय. आधीच टंकलेल्या मजकुराचं काय करायचं?

मोह असा होतो की ‘शारदा’चा मजकूर आहे, ‘शारदा’चा कुठला तरी स्कॅनही आहे, द्या जोडून. तसं करू नका. नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं आणि नंतर कितीदा छापलं गेलं. संगीत नाटकांत प्रयोगागणिक पदं गळतात, वाढतात. नंतरच्या प्रकाशकाने शुद्धलेखन बदललेलं असतं. एका आवृत्तीचा मजकूर दुसऱ्या आवृत्तीच्या पानाशेजारी ठेवला तर बिनस्कॅनच्या मजकुरापेक्षा वाईट, कारण आता तो खोटी साक्ष देतोय.

मग दोनच मार्ग. ज्या प्रतीवरून टंकलं ती शोधून तिचाच स्कॅन करायचा. नाहीतर हाती असलेल्या स्कॅनप्रमाणे मजकूर पानागणिक पुन्हा तपासायचा आणि जिथे फरक आहे तिथे स्कॅनचं ऐकायचं. दुसऱ्या मार्गात टंकलेलं फुकट जात नाही. विकिस्रोतावर जुना मजकूर स्कॅनच्या ओसीआरशी ताडून पानापानांत कापून देणारं साधनही आहे, इंग्रजीवाले त्याला मॅच अँड स्प्लिट म्हणतात. ओसीआर बरं असलं तर ते चालतं. पुसट देवनागरीवर हातानेच कापावं लागेल.

--

ग्रंथपाल_निवृत्त | सोमवार, संध्याकाळी ६:२०

सर्वांचं वाचलं. तरुण मंडळी हे करतायत याचा आनंद आहे. स्कॅनविषयी माझ्या परीने सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा सांगलीतल्या ग्रंथालयांचं काय झालं ते इथल्या लोकांना सांगायला नको. भिजलेल्या पुस्तकांतली गुळगुळीत कागदाची पानं वाळताना एकमेकांना चिकटतात, ती पुन्हा सुटत नाहीत. साध्या कागदाची सुटतात, पण शाई फुटते. तुम्ही टंकलेली प्रत परत गेली म्हणता, ती कुठल्या कपाटात आहे ते लवकर बघा. तळमजल्यावर असेल तर आधी तिचा नंबर लावा. मजकूर नंतरही टंकता येईल.

मोबाइलने स्कॅन करायला हरकत नाही. फक्त पुस्तक पूर्ण पसरून दाबू नका, जुनी बांधणी मोडते. दोन उशा किंवा दोन तिरक्या फळ्या ठेवून ते अर्धवट उघडं ठेवा, आधी सगळी उजवी पानं घ्या, मग सगळी डावी. खिडकीचा सौम्य उजेड चांगला, फ्लॅश नको. समास कापू नका, पानाच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत, म्हणजे काही सुटलं नाही याची खात्री राहते. आणि कोरी पानंसुद्धा काढा. कोरं पान गाळलं की वर पाहुण्यांनी सांगितलेला घोटाळा सुरू.

प्रत्येक स्कॅनसोबत ती प्रत कोणत्या ग्रंथालयाची आणि तिचा दाखल क्रमांक काय हे लिहून ठेवा. आवृत्ती एक असली तरी प्रत वेगळी असते. एकीत पान फाटकं असतं, दुसरीत कुणा वाचकाने शाईने शब्द खोडून स्वतःचा लिहिलेला असतो.

--

सातारी_कंदी | सोमवार, रात्री ८:४४

वाचनखूण साठवली. साताऱ्यात पारसनिसांच्या ‘इतिहाससंग्रह’ मासिकाचं असंच काहीतरी करावं असं आम्ही दोघेतिघे म्हणत होतो. हक्कांचं काय? पारसनीस १९२६ मध्ये गेले.

--

घाटाखालचा | सोमवार, रात्री ९:१०

कंदीराव, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. देवल १९१६, खरे १९२४, पारसनीस १९२६. तिघांचं स्वतःचं लेखन कधीच मोकळं झालंय. पण मासिकात इतरांचेही लेख असतात, तिथे ज्याचा त्याचा हिशोब. आणि पुस्तकाची नंतरची आवृत्ती स्कॅन करत असाल तर तिच्यातली नवी प्रस्तावना, टीपा, चित्रं यांचे हक्क जिवंत असू शकतात. तेवढी पानं झाकायची किंवा सरळ जुनी आवृत्ती शोधायची. दुसरं कधीही बरं.

--

हरिपूर_रोड | मंगळवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. आज आमची बैठक झाली, ठरलं ते असं.

‘झुंजारराव’चं टंकन थांबवलंय. आधी त्याचा पूर्ण स्कॅन, मग पानांचा तक्ता, मग उरलेलं टंकन पानागणिक विकिस्रोतावर. ‘शारदा’ची वापरलेली प्रत सापडली, पहिल्या मजल्यावर आहे, कोरडी आहे. पण तिचं मुखपृष्ठ आणि आतलं शीर्षकपान दोन्ही गेलेलं, त्यामुळे साल कळत नाही. तोवर संकेतस्थळावर ‘आवृत्ती अनिश्चित, उद्धृत करू नये’ अशी पाटी लावलीय आणि ताईंना तसं कळवलंय. लेखसंग्रहाला लेखांकाच्या खुणा घालायला ब्राह्मणपुरी मदत करणार आहेत.

काका, एक विचारायचं राहिलं. ‘शारदा’च्या प्रतीत शेवटी प्रकाशकाच्या जाहिरातींची चार-पाच पानं आहेत. ती घ्यायची की सोडायची?

--

ग्रंथपाल_निवृत्त | मंगळवार, रात्री १०:१८

घ्या, तीच आधी घ्या. शीर्षकपान नसलेल्या पुस्तकाचं वय जाहिरातींवरून काढता येतं. कुठली पुस्तकं ‘नुकतींच प्रसिद्ध झालेलीं’ म्हणून दिलीयत, कुठली ‘छापत आहेत’ म्हणून, किमती रुपये-आण्यांत किती, छापखान्याचा पत्ता कुठला, हे सगळं टिपा. त्या पुस्तकांची सालं दुसऱ्या ग्रंथालयांच्या याद्यांत मिळतात. दोन-चार सालं जुळली की आवृत्ती साधारण कुठल्या वर्षांतली ते आवळत येतं. मग त्या वर्षांतली शीर्षकपान शाबूत असलेली दुसरी प्रत शोधायची आणि पानं ताडून बघायची.

शनिवारी दुपारी मी मोकळा आहे. फळ्या माझ्याकडे आहेत, मोबाइलचा स्टँड तुम्ही आणा.

--

सांगलीचा_भडंग | मंगळवार, रात्री १०:२५

स्टँड माझ्याकडं हाय. कितीला येऊ?